हितं टाका सुटलाय

"हितं टाका सुटलाय बघ," आत्या म्हणाली.

मार्गशीर्षातली दुपार. ओट्यावर कोवळं ऊन आलेलं, समोर हरभरा वाळत घातलेला, आणि आत्याच्या मांडीवर मी महिनोन्‌महिने विणलेला स्टोल पसरलेला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तरी तिला आता बारीक दिसत नाही. त्यामुळे ती कापड बोटांनी बघते. साडी असो, नातवाचा सदरा असो, आधी अंगठा आणि तर्जनीत धरून चोळणार, मग तळवा फिरवणार. स्टोलवरूनही तिचा तळवा एका टोकाकडून निघाला. हळू, शेणानं अंगण सारवताना फिरावा तसा. काठापासून दोन वीत आत आला आणि थांबला. तिनं करंगळी एका भोकात घातली आणि ते वाक्य म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, ती जाळी आहे गं. मुद्दाम विणलेली. सगळीकडं तशीच आहे बघ." तिचा हात धरून मी तिला आणखी चार-पाच भोकं दाखवली. "आपल्या कुंडातले खळगे आहेत ते. निघोजचे." ती म्हणाली, "बरं." मग तिनं स्टोलची चौघडी केली, मांडीवर ठेवली आणि सुनेला हाक मारून चहाचं विचारलं.

ते 'बरं' माझ्याबरोबर एसटीत बसून पुण्याला आलं.

आत्यानं जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. तिचं 'बरं' मी लहानपणापासून ओळखते. पोरानं उत्तर चुकवलंय, पण घंटा झालीय आणि आता समजावत बसायला वेळ नाही, अशा वेळचं ते 'बरं'. त्यात राग नसतो. हार तर अजिबात नसते.

हा स्टोल सुरू झाला तो त्याआधीच्या मे महिन्यात. आत्याचं गाव टाकळी हाजीच्या बाजूला, म्हणजे कुकडीच्या अलीकडं, पुणे जिल्ह्यात. पलीकडं निघोज, पारनेर तालुका. मध्ये नदी हीच जिल्ह्यांची हद्द, आणि दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलेलं नसलं की उन्हाळ्यात नदीचं पात्र उघडं पडतं आणि ते रांजणखळगे दिसतात. ज्यांनी पाहिलेत त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना ते पुरणार नाही. मी त्या दिवशी चप्पल काढून खडकावर उतरले. दगड एवढा तापलेला की पाय टेकवत नव्हता, पण एका खळग्याच्या कडेला पालथी पडून आत हात घातला तर खांद्यापर्यंत गारवा. भिंत इतकी गुळगुळीत की उतरंडीतल्या मडक्याच्या आतून हात फिरवतोय असं वाटावं. खाली हिरवट पाणी, शेवाळ्याचा वास, आणि तळाशी दोन-चार गोटे. साळुंकीच्या अंड्यासारखे गोल. भाचा म्हणाला, "मावशी, हे गोटे आत कुणी टाकले?" मी त्याला सांगितलं की ह्या गोट्यांनीच खळगा केलाय. पुराच्या पाण्यात एखादा दगड खडकाच्या भेगेत, खोलगट जागेत अडकतो. पाणी त्याला बाहेर जाऊ देत नाही, तिथंच गरगर फिरवतं. तो खडकाला घासतो, खडक त्याला घासतो. वर्षानुवर्षं. दगड झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. हा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, लाव्हाच्या थरांचा. त्याला जात्यासारखं आतून दळत नदीनं घागरीएवढे खळगे केलेत, आणि माणूस उभा राहील एवढेही. मग शेजारशेजारचे खळगे वाढत जाऊन मधली भिंत पडते आणि दोघांचा एक होतो.

दोघांचा एक. हे शब्द मनात आले आणि मी खडकावर उठून बसले. विणकाम करणाऱ्या बाईच्या कानाला ते शब्द वेगळे लागतात.

मला सुया हातात दिल्या त्या आत्यानंच. त्या सुया नव्हत्याच, सायकलच्या चाकाच्या तारा होत्या. मामांनी दगडावर घासून त्यांना टोक काढून दिलं होतं. सातवीच्या सुट्टीत मी तिच्याकडं होते, बाहेर झळा आणि घरात अंधार, आणि माजघराच्या उंबऱ्यावर बसून ती मला शिकवायची. टाके घाल. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. दोरा घट्ट ओढू नको, सुई रडते. विणून झालेली पट्टी ती उजेडाच्या दिशेनं धरायची. दारातून येणाऱ्या उन्हासमोर. कुठूनही उन्हाचा ठिपका आला की पट्टी माझ्या मांडीवर परत. "टाका सुटलाय. उसव." मी चार-चार वेळा उसवलेली लोकर कुरळी होऊन जायची, ती तिला वाफेवर धरून सरळ करून द्यायची. तिच्या लेखी विणकाम म्हणजे बाळंतविडा, कानटोपी, मामांचा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. थंडी अडवायची वस्तू. घरात सनगरांनी विणलेलं काळं घोंगडं होतं, त्यातून पावसाचं पाणीसुद्धा लवकर आत यायचं नाही. त्या घरात भोक म्हणजे चूक, दुसरा अर्थच नव्हता.

आणि नदीवरची भोकं तर त्याहून वाईट. कुंडाकडं जायचं नाही हा आम्हा भाचरांना पहिल्या दिवशी मिळालेला हुकूम. पाणी चढलं की खळगे दिसत नाहीत, वरून सगळं सपाट वाटतं, पोर पाय टाकतं आणि जातं. ती हे असं सरळ सांगायची नाही, गोष्टीतून सांगायची. "सात बाजांचं सुंभ एकाला एक बांधून सोडलं होतं जुन्या माणसांनी, तरी तळ लागला नाही." रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर मी बोटांनी त्या बाजेचं सुंभ चाचपत राहायची. एका बाजेचं सुंभ किती लांब होईल, तसे सात. चैत्रात यात्रेला जायचो तेव्हाही ती माझं मनगट सोडायची नाही. देवीच्या पायऱ्या चढतानासुद्धा नाही.

तर मे महिन्यात ठरवलं की कुकडी विणायची. लेसचा स्टोल, बारीक मेरिनो लोकरीचा, 100 ग्रॅममध्ये 800 मीटर दोरा भरतो त्या जाडीचा. रंगासाठी बरंच अडले. खडक काळा म्हणावा तर काळा नाही. उन्हात तो राखाडी दिसतो, ओला झाला की निळसर, आणि भेगांच्या कडेनं तांबूस गंज उतरलेला. शेवटी पावसाळी ढगासारखा एक राखाडी मिळाला, ज्यात एखादा धागा तपकिरीकडं झुकत होता. सुरुवात मी सोप्या वाटेनं केली. शेटलंड बेटांवरच्या बायकांची एक फार जुनी वीण आहे, किनाऱ्यावर येणाऱ्या लाटांसारखी. 18 टाक्यांचा नमुना, चार ओळींत पुरा होतो. त्यातल्या तीन ओळी साध्या आणि एकाच ओळीत सगळी करामत: तीन वेळा दोनाचा एक, म्हणजे दोन टाके एकत्र विणून एकच करायचा, मग सहा वेळा सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन सुलट, मग परत तीन वेळा दोनाचा एक. असे पाच नमुने आणि दोन्ही कडांना चार-चार टाके, एकूण 98. स्कॉटलंडच्याही उत्तरेला, समुद्रात पडलेली ती बेटं. तिथल्या बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणायच्या. मेंढीच्या मानेची सर्वांत मऊ लोकर कातरायची नाही, हातानं उपटून घ्यायची, तिचा केसासारखा दोरा काढायचा. त्यांची अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जाते. मला त्या बायकांबद्दल अपार माया आहे. वारा, खारट हवा, घरात तेलाचा दिवा, आणि बोटांवर एवढं नाजूक काम.

पण वीतभर विणून झाल्यावर कळलं की हा समुद्र आहे. कुकडी नाही.

आमची नदी लाटांची नाही. पूर येतो तेव्हा गढूळ, एकसंध, धावत येते, आणि उन्हाळ्यात नसतेच. तिची आठवण म्हणून मागं राहतात ते खळगे. नदी विणायची तर ती नसताना जे उरतं ते विणायला हवं. मी ती वीत उसवली. अजिबात वाईट वाटलं नाही, तारांच्या सुयांपासूनची सवय आहे. मग आलेखाची वही घेतली, कुंडाच्या फोटोवर पातळ कागद ठेवून खळगे गिरवले आणि चौकटींत उतरवले. एका टोकाला विरळ, बारीक भोकं, कुकडेश्वराच्या बाजूला नदी अजून लहान असते तशी. मध्यावर दाटी. आणि तिथंच सगळ्यात मोठं, कुंड. पुढं पुन्हा विरळ होत साधी वीण, जिथं ती घोडनदीला मिळते आणि पुढं भीमेच्या पाण्यात मिसळते.

ज्यांनी विणलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण मला स्वतःला ती इतक्या वर्षांनी या स्टोलमध्ये उमगली. लेसचं भोक कापून होत नाही. सुईवर दोऱ्याचा एक वेढा जास्तीचा घ्यायचा, पुढच्या ओळीत तो वेढा टाका म्हणून विणायचा, की त्याच्याखाली भोक राहतं. म्हणजे भोक पाडायला दोरा जास्त लागतो. पण वेढा घेतला की सुईवर एक टाका वाढतो, म्हणून कुठंतरी दोनाचा एक करून तो फेडावा लागतो. मोठं भोक हवं तर लागोपाठ दोन वेढे, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक दोनाचा एक. फेड लगेच शेजारी केली तर भोक गोल, शांत दिसतं. फेड लांब केली, चार-पाच टाके सोडून, तर मधले सगळे टाके तिच्याकडं कलतात. पहिल्या महिन्यात माझी भोकं नुसती चाळणीसारखी दिसत होती. खडक होता, नदी नव्हती. मग मी फेडीच्या जागा हलवायला लागले, एकदा उजवीकडं कलणारा दोनाचा एक, एकदा डावीकडं. आणि एका संध्याकाळी सुईवरून खाली बघितलं तर टाक्यांच्या रेषा खळग्याला वळसा घालून पुढं जात होत्या. भोकांमुळं नव्हे, जिथं टाके कमी केले होते त्या जागांमुळं पाणी वाहायला लागलं होतं. मी सुया खाली ठेवल्या आणि उठून घरभर एक चक्कर मारून आले. अशा वेळी सांगायला कुणीतरी घरात असावं लागतं. कुणी नव्हतं.

400च्या आसपास ओळी झाल्या, म्हणजे जवळजवळ 40 हजार टाके. प्रत्येक ओळीनंतर मी टाके मोजले. 98. दर 20 ओळींनी सगळ्या टाक्यांतून शिवणाचा दोरा ओवून ठेवला, म्हणजे चुकलंच तर तिथपर्यंतच उसवावं लागेल. आलेखावर रोजच्या ओळींपुढं तारीख घातली. सुईवर असताना लेस फार केविलवाणी दिसते, चुरगळलेली, आखडलेली, ओल्या पापडासारखी. टाके बंद केल्यावर मी ती रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली. पिळली नाही, टॉवेलात गुंडाळून वरून पायानं दाबली. हेही आत्याचंच. मग गादीवर पांढरी चादर घालून चारी बाजूंनी ताणत टाचण्या लावल्या. ताणता ताणता एकेक भोक उघडत गेलं. खोलीत ओल्या लोकरीचा, पावसात भिजलेल्या मेंढरांचा वास. मी खुर्चीवर चढून वरून फोटो काढला.

तोच फोटो, ते 'बरं' ऐकून परत आल्यावर, रात्री साडेअकराला मी मोठा करून बघत होते. काठापासून दोन वीत आत. आलेखाची वही शेजारी. त्या चौकटीत भोक नव्हतं. तिथं तिनाचा एक होता, म्हणजे तीन टाके एकत्र गोळा करून घट्ट बसवायची जागा. फोटोत मात्र तिथं भोक होतं. आणि नीट पाहिलं तर ते इतरांसारखं नव्हतंही. वेढ्याच्या भोकाला चारी बाजूंनी दोऱ्याची कड असते, विहिरीच्या काठासारखी. ह्याला कड नव्हती. एक टाका डोकं सोडून आडवा पडला होता. तीन टाके घेताना सुईनं दोनच उचलले होते, तिसरा मागं राहिला होता. आणि दोनांचाही एकच होतो, तिनांचाही एकच होतो, त्यामुळं सुईवरची मोजणी बरोबर आली होती. 98. लोकर एकमेकीला धरून राहणारी, म्हणून तो टाका खाली पळाला नव्हता, तिथंच लटकून होता. पुढं तारीख बघितली. अनंत चतुर्दशी. खिडकीखालून ढोल जात होते आणि मी ओळ अर्ध्यावर सोडून गच्चीत उठून गेले होते, ते आठवलं.

शेकडो भोकं असलेल्या कापडावरून तळवा फिरवत आत्या बरोबर त्या एकावर थांबली होती, आणि मी तिचा हात धरून तिला समजावलं होतं.

त्या रात्री मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. लाज वाटली, पण तेवढीच नाही. कुठंतरी खूप सुरक्षितही वाटलं, लहान असताना मनगट धरलेलं असायचं तसं. मग स्टोलची काळजी सुरू झाली. टाका सुटलेला, कापड तिच्याकडं, ती ते पांघरणार, कुठं काकणात अडकलं तर सरसर ओळी उसवत जाणार. फोन करून सांगावंसं वाटलं आणि सांगवेना. पंधरा दिवस तसेच गेले. संक्रांतीला तिळगुळाचा डबा आणि उरलेल्या राखाडी लोकरीची छोटी गुंडी घेऊन शिरूरची एसटी पकडली.

आत्या घरात बाजेवर होती. स्टोल ट्रंकेत, वर्तमानपत्रात गुंडाळून, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेला. मी तो काढला, उलगडला, आणि काठापासून दोन वीत मोजून हात नेला. तिथं एक सेफ्टी पिन होती. बारीक, पितळी, बांगड्यांच्या जुडग्यात अडकवतात तसली. सुटलेल्या टाक्याच्या फासातून ओवून अलगद लावलेली.

"कधी लावलीस?"

"तू गेलीस त्याच दिवशी," ती म्हणाली. "पळंल म्हटलं."

"मग तेव्हाच नीट का नाही सांगितलंस?"

"तू कुंडाचं सांगत हुतीस की."

मी गुंडीतून हातभर दोरा तोडला. शिवणाच्या मोठ्या सुईत ओवला. दोघी दारात उजेडाला बसलो. आत्यानं आपलं बोट कापडाखाली धरलं, टाक्याच्या बरोबर खाली, म्हणजे तो ताणून वर येईल आणि मला दिसेल. मी पिन काढली. फासातून दोरा घेतला, मागच्या बाजूनं त्याला त्याच्या दोन सोबत्यांशी बांधला, दोन टाके आडवे घालून टोक विणीत लपवलं. पाच मिनिटांचं काम. तिनं अंगठा फिरवून बघितलं. एकदा सुलटीनं, एकदा उलटीनं. मग पिन परत मागून घेऊन बांगडीत अडकवली.

"आणि तुझं कुंड कुठाय ह्यात?"

मी स्टोलचा मधला भाग तिच्या मांडीवर ओढला. तिची तर्जनी धरून सगळ्यात मोठ्या खळग्याच्या काठाशी आणली. तिथं टाक्यांच्या रेषा वळतात, त्या तिनं आधी बोटानं वाचल्या, उजवीकडून, मग डावीकडून. बराच वेळ. बाहेर सुनेनं हरभऱ्याची डहाळी आणून टाकली, शेळीनं तिकडं मान वळवली. मग आत्यानं बोट हळूच आत सोडलं. कापडाखाली माझा तळहात होता, त्याला ते लागलं.

"लागला तळ," ती म्हणाली, आणि बोट काढलं नाही.